राजम्याचे बर्गर आणि कुरकुरीत छोले, एकाच कुकरात

घरी बर्गर म्हटलं की लोक आधी बटाटे उकडायला घेतात. मग हाती येतो तो चपटा बटाटेवडा. वडा मला आवडतोच, पण तो बर्गर नव्हे. आमच्याकडे टिक्की राजम्याची असते, बटाटा एकच, तोही मिश्रण धरून ठेवण्यापुरता.

वाटीभर राजमा आणि वाटीभर छोले रात्री वेगवेगळे भिजत घाला. सकाळी ते पाणी ओतून द्या. राजमा कुकरच्या तळाशी नव्या पाण्यात, छोले वरच्या डब्यात. सहा शिट्ट्या, मग बारीक आचेवर दहा मिनिटं. राजमा बोटांत सहज चेपला गेला पाहिजे. अर्धकच्च्या राजम्यातल्या लेक्टिनने उलट्या-जुलाब होतात, म्हणून शंका आली तर परत शिट्ट्या काढा. छोले किंचित टणक राहिले तर बरंच.

राजमा चाळणीत चांगला निथळू द्या आणि हातानेच कुस्करा. मिक्सरमध्ये त्याची पेस्ट होते. त्यात उकडलेला बटाटा, आलं-लसूण-मिरचीचा ठेचा, कोथिंबीर, चमचाभर कांदा-लसूण मसाला, मीठ आणि कोरडेच दळलेले तीन चमचे जाडे पोहे. ब्रेडचा चुरा लागत नाही, पोहेच पाणी शोषतात. कच्चा कांदा मिश्रणात घालू नका, पाणी सुटून टिक्की तव्यावर फुटते. तो वरून चकत्यांनीच द्यायचा. टिक्क्या बनपावाएवढ्या थापा (मटणाच्या खिम्यासारख्या या आक्रसत नाहीत), अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा आणि बिडाच्या तव्यावर बेताच्या तेलात भाजा. खालची बाजू तांबूस झाल्याशिवाय उलथनं लावायचं नाही.

बन कापून आतली बाजू लोण्यावर शेकली की चटणी लावली तरी भिजत नाही. मी पुदिन्याच्या चटणीत चक्का कालवते. मेयोनीज हवं त्याने घ्यावं.

आता छोले. पंचावर पसरून वरून दुसऱ्या पंचाने टिपा आणि तासभर पंख्याखाली ठेवा. मग चमचाभर तेल चोळून ओव्हनमध्ये २०० अंशांवर ३० ते ४० मिनिटं, मधूनमधून ट्रे हलवत. ओव्हन नसेल तर लोखंडी कढईत मंद आचेवर परतत बसा. तिखट, आमचूर, काळं मीठ बाहेर काढल्यावर, गरम असतानाच लावा. आधी लावलेलं तिखट करपून कडू होतं. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. दुसऱ्या दिवशी मऊ पडले तर पाच मिनिटं पुन्हा गरम करा.