बरणीत पाहा आपली माती

माती कशी तयार होते हे पाहायचं तर रस्त्यासाठी नुकताच कापलेला डोंगर किंवा खोदलेल्या विहिरीची कड शोधा. देशावर बहुतेक ठिकाणी तळाला काळा पाषाण दिसेल. हा बेसॉल्ट म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. त्याच्यावर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटणारे गोटे, मग मुरूम आणि सगळ्यात वर हातभर माती. खालून वर नजर फिरवली की दगडाची माती होतानाचे सगळे टप्पे एकावर एक मांडलेले दिसतात. ऊन-पावसाने दगड तडकतो, भेगांत पाणी शिरून त्यातली खनिजं सडवतं, मुळं आणि जिवाणू उरलेलं काम करतात. बोटभर थर व्हायला शेकडो वर्षं जातात.

आता घरचा प्रयोग. त्याला उभी, सरळ बाजूंची काचेची बरणी हवी.

1. वरचा पालापाचोळा बाजूला करून वीतभर खोल खणा आणि तिथली माती घ्या. सावलीत वाळवा, ढेकळं फोडा, खडे आणि मुळं काढून चाळा. मूठभर माती वेगळी ठेवा, ती नंतर लागेल.

2. बरणी एक तृतीयांश मातीने भरा, गळ्यापर्यंत पाणी ओता आणि चिमूटभर कपड्यांची पावडर टाका. कण एकमेकांपासून सुटावेत म्हणून पावडर घालायची. चिमूट म्हणजे चिमूटच! मी पहिल्यांदा चमचाभर घातली आणि बरणीत फेसाशिवाय काही दिसेना.

3. झाकण घट्ट लावून पाच मिनिटं जोरात हलवा. काळ्या मातीला दहा द्या, तिची ढेकळं हट्टी असतात. मग बरणी सपाट जागी ठेवा आणि लगेच घड्याळ पाहा.

4. साधारण एका मिनिटात जो थर बसेल ती वाळू. तिथे पेनाने खूण करा. दोन तासांनी दुसरी खूण करा, मधला थर पोयट्याचा, म्हणजे वाळूपेक्षा बारीक पण चिकणमातीपेक्षा जाड कणांचा. त्यानंतर बसते ती चिकणमाती, आणि तिला एक दिवसही पुरेलच असं नाही. तिचे कण 0.002 मिलिमीटरपेक्षा बारीक असतात, त्यामुळे पाणी दोन-तीन दिवस गढूळ राहिलं तरी बरणी हलवू नका. वर तरंगणारा काळपट कचरा म्हणजे सेंद्रिय पदार्थ.

5. पट्टीने थर मोजा. समजा एकूण 8 सेंमी, त्यात वाळू 2, पोयटा 2 आणि चिकणमाती 4. म्हणजे निम्मी चिकणमाती, ही भारी जमीन. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आणि पावसात फुगून घराच्या भिंतींना तडे देणारी. गाव ‘पांढरी’त वसवायचं आणि शेती ‘काळी’त करायची, असं जुनी माणसं उगाच म्हणत नसत.

बरणीत हवा आणि पाणी मोजता येत नाही, पण चांगल्या जमिनीत निम्मी जागा त्या दोघांचीच असते. उरलेल्यात बहुतेक खनिज कण. सेंद्रिय भाग आदर्श जमिनीत पाच टक्क्यांच्या आसपास. काळी माती म्हणजे सेंद्रिय भाग भरपूर, हा समज मात्र सोडा. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब अनेकदा एक टक्काही भरत नाही. तो काळेपणा मुख्यतः बेसॉल्टमधल्या खनिजांचा आणि चिकणमातीला घट्ट चिकटलेल्या थोड्याशा ह्युमसचा, म्हणजे पूर्ण कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाचा.

6. वेगळी ठेवलेली कोरडी माती बशीत घ्या आणि तिच्यावर व्हिनेगर टाका. कान जवळ न्या. फसफसली तर चुनखडी आहे. कमी पावसाच्या पट्ट्यातली काळी माती बहुधा फसफसते. कोकणातली तांबडी माती सहसा गप्प राहते, कारण तिथल्या पावसाने चुना कधीच धुऊन नेला. मागे उरलं ते लोह आणि ॲल्युमिनियम. लाल रंग त्या लोहाच्या गंजाचा, आणि जांभा दगडही त्याच प्रक्रियेतून बनलेला.

प्रयोग झाल्यावर बरणी बेसिनमध्ये ओतू नका, चिकणमाती पाइपात बसते आणि प्लंबर बोलवावा लागतो. पाणी अंगणाच्या कडेला टाका.