बी गळायच्या आत बांध साफ करा: रब्बी पेरणीच्या तोंडावर तणांचा सल्ला

सोलापूर जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, आणि रब्बी ज्वारी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्यात पेरून व्हायला हवी. नेमक्या याच दिवसांत बांधावरची, पाटाकडेची, रस्त्याकडेची तणं फुलोऱ्यात येऊन बी धरतात. मूग-उडदाचं रान मोकळं झालेलं, सोयाबीन काढणीला आलेली, मजुरांची ओढाताण चाललेली, त्यामुळे बांधाकडे बघायला कुणाला सवड नसते. तरीही आग्रहाने सांगावंसं वाटतं की दोन दिवसांची मजुरी आत्ता बांधावर घाला. एकदा बी गळालं की तीच मजुरी पुढची कित्येक वर्षं पिकातल्या खुरपणीवर जाते.

तणनाशक बरं की खुरपं बरं, हे नंतर बघू. आधी त्या तणाचं बी दुसऱ्या रानात जातं कसं, ते ओळखा. वाट कळली की ती कुठे अडवायची हेही कळतं.

गाजर गवताचं बघा. १९५५-५६ च्या सुमाराला पुण्यात त्याची नोंद झाली आणि आज आपल्याकडे त्याच्यावाचून रस्ता नाही. एका झाडाला १० ते २५ हजार बिया येतात. त्या इतक्या हलक्या असतात की वारा नेतो, पावसाचं पाणी नेतं, आणि ट्रॅक्टरच्या चाकाला लागलेल्या चिखलातूनही त्या शिवारभर फिरतात. म्हणून जमीन ओली आहे तोवर, पांढरी फुलं दिसायच्या आत, झाड मुळासकट उपटा. हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा, कारण याने अंगाला खाज सुटते आणि काहींना दम लागतो. फुलं न आलेलं गवत खुशाल कंपोस्टच्या खड्ड्यात टाका. फुललेलं मात्र उकिरड्यावर नेऊ नका, ते अर्धवट कुजतं आणि बी शेणखतातून परत रानात येतं. पानांवर पांढुरके, तपकिरी रेघांचे छोटे भुंगे दिसले तर तिथे फवारू नका. हे मेक्सिकन भुंगे हेच गवत खाण्यासाठी १९८० च्या दशकात भारतात आणले गेले.

रानातल्या बियांसाठी सोपा उपाय म्हणजे पेरणीआधीची पाळी. पाऊस झाला की वरच्या थरातलं तण उगवू द्या आणि वाफसा येताच (माती भुरभुरीत होण्याइतकीच ओल राहिली की) कुळवाची उथळ पाळी घालून मोडा. खोल नांगरून बी गाडू नका. गाडलेलं बी टिकून राहतं आणि पुढच्या नांगरटीला पुन्हा वर येतं. पाळी घातली की लगेच पेरा, ओल उडता कामा नये.

आघाडा, कुसळी आणि शंकेश्वर ही तणं अंगाला चिकटून प्रवास करतात. कुसळीचं कुसळ ओलं झालं की पिळा सोडतं, वाळलं की पुन्हा पिळतं, आणि तसंच मातीत घुसतं. मेंढीच्या लोकरीतून कातड्यातही ते असंच शिरतं. त्यामुळे कुसळीचं रान कोवळं असतानाच चारून किंवा कापून घ्या. शंकेश्वराची काटेरी फळं शिवाय पाण्यावर तरंगतात. भीमाकाठी आणि उजनीच्या कालव्याखाली ज्यांची राने आहेत त्यांनी पाटाच्या तोंडाशी जाळी लावावी आणि अडकलेली फळं काढून जाळावीत. एका फळात दोन बिया असतात, त्यातली एक आधी उगवते आणि दुसरी मागे राहते. त्यामुळे एका वर्षाच्या खुरपणीने समाधान मानू नका.

लेंडीखतासाठी रानात मेंढ्या बसवणं ही आपल्याकडची फार चांगली रीत आहे, ती सोडू नका. कळप कुठून चरून आला, एवढं मात्र विचारा. वेडी बाभळीच्या शेंगा जनावरं आवडीने खातात. बी टणक असल्यामुळे पचत नाही, उलट पोटातून गेल्यावर लेंडीतून जास्त लवकर उगवतं. शेंगा खाऊ घालायच्याच असतील तर भरडून घाला. उन्हाळी चाऱ्याला त्या चांगल्या आहेत, आणि भरडल्यावर बीही मरतं. मेंढ्या बसून गेलेल्या रानात पहिल्या पावसानंतर एक फेरी मारा. वेडी बाभळीचं रोप वीतभर असताना हाताने निघतं, वर्षभराचं झालं की कुऱ्हाडीलाही आवरत नाही.

ज्वारीवाल्यांनी सगळ्यात जास्त धास्ती टारफुल्याची, म्हणजे पिकाच्या मुळांवर जगणाऱ्या तणाची, घ्यावी. त्याचं बी धुळीएवढं बारीक असतं आणि जमिनीत १५-२० वर्षंही जिवंत राहू शकतं. ज्वारी, बाजरी किंवा उसाच्या मुळातला पाझर लागला की ते उगवतं आणि थेट त्या मुळालाच चिकटतं. आपल्याला झाड जमिनीवर दिसतं तेव्हा ज्वारीच्या ताटाचं निम्मं नुकसान होऊन गेलेलं असतं. तरीही फुलायच्या आत ते उपटाच, पुढच्या हंगामासाठी. ज्या रानात टारफुला दिसला तिथे यंदा ज्वारीवर ज्वारी घेऊ नका, हरभरा किंवा करडई घ्या. कापूस आणि भुईमुगाच्या मुळांमुळे टारफुल्याचं बी उगवतं, पण त्याला चिकटायला मूळ मिळत नाही आणि ते मरतं, म्हणून फेरपालटात या पिकांना जागा ठेवा. मळणी यंत्र गावोगाव फिरतं. ते रानात शिरायच्या आधी चाळण्या झटकून, झाडून घ्यायला लावा. मालकाला राग आला तरी चालेल.

सोयाबीनच्या शेंगा तपकिरी झाल्या की काढणी लांबवू नका. उन्हात तडकलेली शेंग दाणे उडवते, आणि तेच दाणे पुढे ज्वारीत तण म्हणून उगवतात. हराळी आणि कुंदा हे बहुतेक काड्या-मुळ्यांच्या तुकड्यांतून पसरतात, म्हणून अशा पट्ट्यात रोटाव्हेटर फिरवणं म्हणजे आपल्याच हाताने त्यांची लागवड करणं. लसूणघासाचं बी घेताना अमरवेलीचे बारीक दाणे त्यात नाहीत ना, हे हातावर घेऊन पाहा. शंका आली तर परत करा.

सगळंच गवत काढू नका. मारवेल आणि पवन्या ही चाऱ्याची चांगली गवतं आहेत. पडीक रानात त्यांची एखादी पट्टी बी गळेपर्यंत न कापता राखा, वारा बाकीचं काम करतो. बांधावर पक्ष्यांच्या विष्ठेतून उगवलेली कडुलिंबाची आणि बोरीची रोपंही खुरप्यातून वाचवा.

तरोट्याच्या (टाकळ्याच्या) शेंगा आता महिनाभरात वाळतील. त्या फुटायच्या आत गोळा करून बी कोरड्या डब्यात ठेवा आणि जूनच्या पहिल्या पावसाआधी रस्त्याकडेच्या गाजर गवताच्या पट्ट्यात फेका. तरोटा दाट वाढला की गाजर गवताला जागा उरत नाही. पेरलेल्या रानापासून मात्र हे बी लांब ठेवा, पिकात शिरला तर तरोटाही तणच आहे.