कॉलेजात मुलं कुठून येतात, हे तपासायचं कसं? इंदूरच्या मराठी पालकांसाठी

आयआयटी इंदूरच्या बीटेकच्या जागांना राज्याचा कोटा नाही; प्रवेश देशपातळीवरच्या क्रमानेच होतो. भोपाळच्या मॅनिट या एनआयटीत मात्र निम्म्या जागा मध्य प्रदेशासाठी असतात आणि निम्म्या इतर राज्यांसाठी. सगळ्या एनआयटींची रीत हीच आहे. वर्गात आणि हॉस्टेलमध्ये कुठली मुलं भेटणार हे बरंचसं या नियमांवर ठरतं, म्हणून आधी नियम पाहावेत आणि मग आकडे.

सर्वांत मोठी गफलत ‘आपलं राज्य’ कोणतं यात होते. घरात मराठी आहे, आजोळ नागपूरचं आहे, तेव्हा नागपूरच्या व्हीएनआयटीत महाराष्ट्राच्या वाट्यातून जागा मिळेल, असं अनेक घरांत गृहीत धरलं जातं. तसं होत नाही. जेईई मेनच्या अर्जातला राज्याचा कोड बारावी ज्या राज्यातून उत्तीर्ण झाली त्यावरून ठरतो. मातृभाषा, मूळ गाव, आईवडिलांचा पत्ता किंवा परीक्षा केंद्र यांचा त्याच्याशी संबंध नाही. बोर्ड सीबीएसई असलं तरी शाळा इंदूरची असेल तर कोड मध्य प्रदेशाचा. अशा मुलाला भोपाळला घरच्या राज्याचा वाटा मिळतो, नागपूरला तो ‘इतर राज्य’ गटात मोजला जातो.

राजस्थानातल्या कोटा शहरात कोचिंगसाठी पाठवून तिथल्याच डमी शाळेत (जिथे नाव असतं, पण वर्गाला जावं लागत नाही) नाव घातलं, तर कोड राजस्थानचा होतो. मॅनिटमधला हक्क जातो आणि त्याऐवजी जयपूरच्या एमएनआयटीत मिळतो. श्रेणीसुधारासाठी पुन्हा परीक्षा दिली तरी बारावी पहिल्यांदा जिथून उत्तीर्ण झाली तेच राज्य धरतात. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावी केली तर अभ्यासकेंद्र ज्या राज्यात, तो कोड. थोडक्यात, निर्णय अकरावीच्या प्रवेशाआधीच घ्यायचा असतो. जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटींच्या सामाईक जागावाटपाच्या, फेऱ्या सुरू झाल्यावर काही बदलत नाही.

मेडिकलचं गणित वेगळं आहे. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या समुपदेशनातून भरतात. तिथे मूल निवासी प्रमाणपत्र हाताशी हवंच.

आता आकडे. जोसाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांत प्रवेश मिळालेल्यांचे सुरुवातीचे आणि शेवटचे क्रमांक आहेत. शेवटची फेरी, एकच शाखा आणि एकच प्रवर्ग निवडा, मग ‘एचएस’ म्हणजे घरचं राज्य आणि ‘ओएस’ म्हणजे इतर राज्य, या दोन ओळी शेजारी ठेवा. ‘एआय’ लिहिलेलं असेल तर जागा देशभरासाठी खुली. दोन ओळींतला फरक राज्याप्रमाणे आणि शाखेप्रमाणे बदलतो, त्यामुळे एका कॉलेजचा अंदाज दुसऱ्याला लावू नका.

प्रत्यक्षात शिकत असलेली मुलं कुठली, हे एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-क्रमवारीच्या, माहितीत सापडतं. क्रमवारीत भाग घेणारं कॉलेज सादर केलेली माहिती आपल्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात ठेवतं. त्यात ‘टोटल अॅक्च्युअल स्टुडंट स्ट्रेंग्थ’ नावाचा तक्ता शोधा. पदवीची ओळ आणि पदव्युत्तर ओळ वेगवेगळी असते; तुमच्या मुलाला जी लागू तीच घ्या. आयआयएम इंदूरच्या आयपीएमसाठी पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची ओळ पाहायची. समजा एकूण १२००, राज्यातले ५४०, बाहेरच्या राज्यांतले ६४८, परदेशी १२. म्हणजे बाहेरच्या राज्यांतले ५४ टक्के आणि परदेशी १ टक्का. एनआयआरएफ प्रादेशिक विविधतेला ३० पैकी गुण देते: इतर राज्यांच्या प्रमाणाला २५ ने गुणून, परदेशी प्रमाणाला ५ ने गुणून. इथे ०.५४ गुणिले २५ म्हणजे १३.५ आणि ०.०१ गुणिले ५ म्हणजे ०.०५, एकूण १३.५५.

या आकड्यावर फार विसंबू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तो फक्त राज्याची सीमा मोजतो. छिंदवाड्याहून सव्वाशे किलोमीटरवर नागपूरला गेलेला मुलगा ‘बाहेरचा’ ठरतो आणि ग्वाल्हेरहून जवळपास चारशे किलोमीटर भोपाळला आलेला ‘राज्यातला’. शिवाय बाहेरची ६४८ मुलं बारा राज्यांतली आहेत की दोनच राज्यांतली, हे तक्ता सांगत नाही. आकडा सगळ्या वर्षांचा मिळून असतो, तेव्हा यंदाची तुकडी वेगळीही असू शकते. तीन वर्षांच्या पीडीएफ काढून तुलना केली, तरच कल दिसतो.

उरलेलं तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. खोल्यांचं वाटप कसं होतं? एकाच राज्याची मुलं एकत्र राहतात, की मिसळून? प्रोजेक्टचे गट कोण ठरवतं, आणि हॉस्टेलच्या बैठकीत कोणती भाषा चालते? घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलत वाढलेल्या मुलाला हिंदी पट्ट्यात अडचण येत नाही. दक्षिणेतल्या एनआयटीत पहिलं सत्र जड जाऊ शकतं, तेव्हा तिथे सीनियर मार्गदर्शक नेमतात का, हेही विचारून घ्या.