फलाटाचं डिझाइन शिकताना: आधी मालगाडी कुठे थांबते ते विचारा

स्थापत्य अभियांत्रिकी करून रेल्वेच्या कामात येणारी बरीच मुलं फलाट म्हटलं की छप्पर, बाकं, फरशी काढायला घेतात. माझ्या हाताखाली आलेल्यांना मी आधी रूळ बघायला लावते. फलाटाचं प्रत्येक माप रूळपातळीपासून आणि रुळांच्या मध्यरेषेपासून घेतात.

ब्रॉडगेजवर (रुंद रूळमार्गावर) रूळपातळीपासून उंच प्रवासी फलाट ७६० ते ८४० मिमी, मालधक्का (माल चढवण्या-उतरवण्याचा फलाट) १०६५ मिमीपर्यंत. मध्यरेषेपासून कड १६७० ते १६८० मिमी, म्हणजे गवंड्याला सूट फक्त १० मिमीची. उंचीतला हा फरक पाहूनच कळतं की एकाच कडेवर दोन्ही कामं भागवू नयेत. शिवाय देखभालीत खडी घालून यंत्राने रूळ दर वेळी थोडा उचलला जातो. फलाट तिथेच राहतो आणि काही वर्षांनी डब्याची पायरी उंच वाटू लागते. म्हणून मी उंची ८४० च्या जवळ धरते.

पण खरी मेख लूप लाइनची, म्हणजे मुख्य रुळातून फुटून पुढे पुन्हा त्यालाच मिळणाऱ्या बाजूच्या रुळाची. एकेरी मार्गावर मालगाडी लूपवर घेऊन एक्सप्रेस पुढे काढतात. ही लूप गाव आणि फलाट यांच्यामध्ये आली, तर सहाशे मीटरची गाडी वाट अडवून उभी राहते आणि माणसं दोन डबे जोडणाऱ्या कपलिंगखालून वाकून पलीकडे जातात. पाठीवर दप्तर असलेली पोरंसुद्धा. गाडी कधी हलेल ते त्यांना कळायला मार्ग नसतो. याबाबतीत मी तडजोड करत नाही: शक्य तिथे लूप गावाच्या विरुद्ध बाजूला, आणि नाहीच जमलं तर पादचारी पूल पहिल्याच नकाशात. त्याचा जिना लूपच्याही पलीकडे, गावाच्या बाजूला उतरला पाहिजे. ‘पूल पुढच्या टप्प्यात’ असं कुणी म्हटलं, तर बैठकीतच हरकत नोंदवा.

यार्डाचा, म्हणजे स्टेशनातल्या रुळांच्या आवाराचा, उतार ४०० ला १ (४०० मीटरला १ मीटर) पेक्षा तीव्र नको. नव्या कामात १२०० ला १ धरा. सोडून ठेवलेला वाघिणींचा रेक (एकत्र जोडलेली रांग) घरंगळायला फार उतार लागत नाही.

नकाशांमध्ये इंजिनिअरिंग स्केल प्लॅन (रूळ, फलाट प्रमाणात दाखवणारा) आणि सिग्नल इंटरलॉकिंग प्लॅन (सिग्नल आणि सांधे एकमेकांशी कसे बांधलेत ते दाखवणारा) शेजारी ठेवून वाचायची सवय लावा. कॉलेजात हे शिकवत नाहीत. फलाटाची लांबी कुठे संपवायची, ते बऱ्याचदा सिग्नलच ठरवतो.

माल आणि प्रवासी एकाच स्टेशनात कसे येतात ते बघायला, जमलं तर रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला जा. कोकण रेल्वेची ट्रक वाहून नेणारी रो-रो सेवा १९९९ मध्ये कोलाड ते गोव्यातलं वेर्णा अशी सुरू झाली. ट्रक टोकाच्या रॅम्पवरून वाघिणींवर चढतात, बाजूच्या कडेवरून नाही. तिथे ट्रकचा रस्ता आणि प्रवाशांची वाट कुठे जवळ येतात, ते स्वतः चालून बघा आणि कागदावर काढा.