वाळूचं वय काढायला सिंधुदुर्गात जाताय? हे घेतलंय का बघा

दिवाळीनंतर ओएसएलचे (कणात किरणोत्सारामुळे साठलेली ऊर्जा उजेड पाडून मोजायची आणि त्यावरून वय काढायचं, ती पद्धत) सॅम्पल घ्यायला निघणार असाल तर सामानाआधी जागा पक्की करा, कारण हे घड्याळ चालतं क्वार्ट्झ नाहीतर फेल्डस्पारच्या कणात आणि आपल्या काळ्या बसाल्टात क्वार्ट्झ जवळपास नाहीच, वेंगुर्ल्याकडच्या पांढऱ्या वाळूत मात्र भरपूर. मिळतं काय तर कणाने शेवटचं ऊन कधी बघितलं ते, म्हणजे वाळू कधी गाडली गेली ते. सुरूची मुळं आणि खेकड्यांची बिळं असलेली कड सरळ सोडून द्या, खेकडा वरची वाळू खाली नेतो आणि मग वय कोणाचं काढलं ते देवालाच ठाऊक.

पाइप स्टीलचे घ्या, साधारण 5 सेंमी रुंद, सोबत घण, लाकडी ठोकळा, दोन्ही टोकांना घट्ट झाकणं, काळं प्लॅस्टिक, चिकटपट्टी, मार्कर. कड आधी चांगली खरवडायची आणि पाइप ठोकताना तो गच्च भरेपर्यंत थांबायचं नाही, कारण अर्धवट भरला तर गाडीत हलून टोकाचे उजेड लागलेले कण मधल्या वाळूत मिसळतात आणि सगळी मेहनत पाण्यात. क्वार्ट्झचं घड्याळ शून्यावर यायला कडक उन्हात काही सेकंदसुद्धा पुरतात.

लोक विसरतात ती दुसरी पिशवी! पाइपच्या आजूबाजूची, साधारण 30 सेंमीच्या आतली वाळू वेगळी घ्या, कणाला दरवर्षी किती किरणोत्सार मिळतो ते ठरवणारे युरेनियम, थोरियम, पोटॅशियम त्यावरूनच मोजतात. काळ्या वाळूचा पट्टा जवळ असेल तर वहीत लिहा, खोली आणि जीपीएस पण. पिशवी हवाबंद हवी, पाण्यामुळे कणापर्यंत किरणोत्सार कमी पोचतो, त्यामुळे ओल खरीपेक्षा कमी धरली तर वयही कमी येतं.

दगडाचं करायचं असेल तर सड्यावरची (जांभ्याच्या पठारावरची) कातळशिल्पं डोक्यातून काढा, ती आजही उन्हात आहेत म्हणजे घड्याळ शून्यावर, शिवाय जांभा म्हणजे बहुतेक लोह आणि अ‍ॅल्युमिनियमच. मातीत पालथा पडलेला ग्रॅनाइटसारखा दगड बघा, रात्री किंवा काळ्या ताडपत्रीखाली उचला आणि तसाच गुंडाळा. कोअर काढून मिलिमीटरभर जाडीच्या चकत्या करायचं काम लॅबमध्ये, लाल दिव्यात होतं.

जमीनमालकाची परवानगी आणि ग्रामपंचायतीला दिलेल्या पत्राची कॉपी गाडीतच ठेवा, किनाऱ्यावर घण आणि वाळूच्या पिशव्या दिसल्या की वाळूचोर म्हणून गाव गोळा होतं, आणि झाकणं उघडून दाखवा म्हणाले तर पत्रच दाखवा, पाइप नाही.