भंगारातला विमानाचा पत्रा कसा ओळखावा

बेळगावजवळच्या सांबऱ्याचा विमानतळ १९४२ साली रॉयल एअर फोर्सने बांधला. युद्धात तिथे प्रशिक्षण चालायचं. त्यामुळे आमच्या बेळगाव-खानापूर भागात कुणाच्या गोठ्यावर रिव्हेट मारलेला पत्रा दिसला, की तो ‘इंग्रजांच्या विमानाचा’ ठरतो. बसच्या छतालाही रिव्हेट असतात, हे कुणी लक्षात घेत नाही.

पत्र्याला चुंबक लावा. चिकटला नाही तर ॲल्युमिनियम असण्याची शक्यता मोठी. शेण-माती कोमट पाणी आणि जुन्या टूथब्रशने काढा.

आता नंबर. वाट लागते ती इथेच. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर सुचवणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. शाईचे शिक्के आणि मूळ रंग आधी जातात, आणि गेले की गेले. रात्री दिवे बंद करून बॅटरीचा उजेड अगदी आडवा मारा. ठोकलेली अक्षरं सावलीतून उठून दिसतात. तरीही न कळल्यास पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल हलकी फिरवा.

पण दिसलेला प्रत्येक नंबर विमानाचा नसतो. मी एका तुकड्यावर ‘एएन’ वाचलं आणि तीन महिने ‘अ‍ॅन्सन, अ‍ॅन्सन’ (हे एक ब्रिटिश विमान) म्हणत सगळ्यांना दाखवत फिरलो. ते अमेरिकन लष्कर-नौदलाच्या प्रमाणित सुट्या भागांचं चिन्ह निघालं. बोल्ट-नटांवर सर्रास असतं. ‘२४ एसटी’ हे मिश्रधातूचं नाव. बारीक गोल शिक्का तपासनिसाचा.

कामाचा असतो तो लांबलचक ड्रॉइंग नंबर, म्हणजे भाग ज्या आराखड्यावरून बनवला त्याचा क्रमांक, आणि त्यातही सुरुवातीचे आकडे. ब्रिटिश भागावर ३०० ने सुरू होत असेल तर स्पिटफायर या लढाऊ विमानाकडे बघा. ‘नॉर्थ अमेरिकन’ नावाच्या विमान कंपनीच्या भागावर ७३ म्हणजे मस्टँग हे लढाऊ विमान, ८८ म्हणजे हार्वर्ड हे प्रशिक्षण विमान. मात्र ३०० वरून स्पिटफायरचं मॉडेल सांगू नका. जुनेच भाग पुढच्या मॉडेलांतही वापरले जायचे. हार्वर्डचं तर आणखी अवघड: भारतीय हवाई दलाने ती युद्धानंतरही वर्षानुवर्षं उडवली. म्हणजे विमान कळलं, तरी काळ कळत नाही. एकाच तुकड्यावर पैज लावू नका, दोन-तीन नंबर जुळू द्या.

काडतूस किंवा बॉम्बसारखं काही दिसलं तर हात लावू नका, पोलिसांना कळवा. आणि घड्याळासारख्या तबकड्या उघडू नका. आकड्यांच्या रंगात किरणोत्सारी रेडियम असू शकतं. चमक कधीच विझलेली असते, पण रेडियमचा अर्धायुकाल, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षांचा आहे.