इलेक्ट्रिक गाडीची स्क्रीन आणि बटणं: घेण्याआधी काय तपासायचं, घेतल्यावर काय लावून ठेवायचं

इलेक्ट्रिक गाडी बघायला गेलं की रेंज विचारली जाते, पिकअप बघितला जातो, डिकी उघडून पाहिली जाते. पुढच्या काचेवर अचानक वाफ धरली तर हात कुठे न्यायचा, हे मात्र बहुतेकांना पहिल्या पावसातच कळतं. तोवर पैसे भरून झालेले असतात.

स्क्रीनबद्दल चालकांची दोन मतं ऐकू येतात. ‘आठवड्याभरात सवय होते’ हे एक आणि ‘बटणाची सर कशालाच नाही’ हे दुसरं. सवय होते हे खरंच आहे, पण सवयीने मेनू पाठ होतो, बोटाला डोळे फुटत नाहीत. गोल नॉब अंधारातही चाचपून सापडतो, कारण त्याला कडा असते. सपाट काचेवर बोट टेकवायची जागा प्रत्येक वेळी बघावीच लागते. त्यात खड्डा आला की अधांतरी हात हलतो आणि शेजारचाच चौकोन दाबला जातो.

स्वीडनच्या ‘व्ही बिलेगारे’ या मासिकाने २०२२ मध्ये याची मोजणी केली. ताशी ११० किलोमीटर वेगात सीट गरम करणं, तापमान वाढवणं, रेडिओचं ठरावीक स्टेशन लावणं, डॅशबोर्डचा प्रकाश मंद करणं अशी कामं चालकांना दिली. २००५ सालच्या, बटणांच्या व्होल्वो व्ही७० मध्ये ती १० सेकंदांत झाली. तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली होती. सर्वात मागे पडलेल्या एमजी मार्व्हल आर या इलेक्ट्रिक गाडीला त्याच कामांसाठी जवळपास ४५ सेकंद आणि १,३७२ मीटर लागले. चालकांना गाडी समजून घ्यायला आधी वेळ दिला होता, म्हणजे नवखेपणाची सबबही उरत नाही.

अशी चाचणी तुम्हीही करू शकता, तीही उभ्या गाडीत. सीट आणि आरसे लावून घ्या, पट्टा बांधा, पाठ टेकवा. शेजारी बसलेल्याच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच द्या. त्याने एकेक काम सांगायचं, वेळ मोजायची आणि तुमची नजर समोरून किती वेळा आणि किती वेळ हटली ते बघायचं. कामं साधीच घ्या:

पुढच्या काचेची वाफ घालवणं.
वायपरचा वेग एक टप्पा वाढवणं.
तापमान २ अंशांनी कमी करणं.
पायाकडचा वारा चेहऱ्याकडे वळवणं.
गाण्याचा आवाज एकदम बंद करणं.
रिजनची (ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी हळू करत बॅटरी भरणाऱ्या ब्रेकिंगची) पातळी बदलणं.

पहिली फेरी सोडून द्या, तिसऱ्या फेरीचे आकडे धरा. मग मोबाइल जोडून नकाशा पूर्ण स्क्रीनभर उघडा आणि सगळं पुन्हा करा. कित्येक गाड्या इथेच अडतात: एसीकडे परत यायला आधी नकाशातून बाहेर पडावं लागतं. अमेरिकेच्या एनएचटीएसए या रस्ते सुरक्षा यंत्रणेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत एका वेळी २ सेकंद नजर आणि एका कामाला एकूण १२ सेकंद अशी मर्यादा सुचवली आहे. ताशी ६० च्या वेगातही २ सेकंदांत गाडी ३३ मीटर पुढे जाते. पाठ उचलून पुढे वाकल्याशिवाय बोट पोहोचत नसेल, तर घड्याळ काहीही म्हणो, ते काम नापास धरा.

वायपर वेगळा तपासा. त्याचा वेग स्क्रीनवरून बदलताना टेस्लाच्या एका चालकाचा अपघात झाला होता. त्याला झालेला २०० युरोंचा दंड आणि एक महिन्याची गाडी चालवण्यावरची बंदी जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथल्या उच्च न्यायालयाने २०२० मध्ये कायम ठेवली. म्हणजे जबाबदारी शेवटी चालकावरच येते. गाड्यांच्या सुरक्षिततेला गुण देणाऱ्या युरो एनसॅप या युरोपातल्या संस्थेनेही २०२६ पासून इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन एसओएस यांच्यासाठी खरी बटणं किंवा दांड्या असतील तरच पूर्ण गुण द्यायचं ठरवलं आहे. हे पाच तुमच्या गाडीत कुठे आहेत ते बोट ठेवून पाहा.

बटणासारखं दिसणारं प्रत्येक ठिकाण बटण नसतं, हेही ध्यानात ठेवा. चकचकीत काळ्या पट्टीवरची टच-बटणं दाबली जात नाहीत, नुसत्या स्पर्शाने चालतात. स्टिअरिंगवर ती असतील तर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पूर्ण वळवून बघा. तळवा घासून आवाज वाढतो किंवा क्रूझ कंट्रोलचा (आपोआप राखल्या जाणाऱ्या वेगाचा) आकडा बदलतो का? स्पर्शानंतर येणारं कंपन काम झाल्याचं सांगतं, जागा शोधायला त्याचा उपयोग नाही. बोट ओलं करूनही एकदा वापरून पाहा. पाण्याचा थेंब वीज वाहतो, त्यामुळे अशा पृष्ठभागाला बोट नेमकं कुठे आहे ते कळेनासं होतं. सुरुवातीच्या फोक्सवॅगन आयडी.३ मध्ये तापमान आणि आवाजाच्या टच-पट्ट्यांना रात्री प्रकाशच नव्हता. पुढे कंपनीला खरी बटणं परत आणण्याचं जाहीर करावं लागलं.

म्हणून शक्य असेल तर एक फेरी अंधार पडल्यावर मारा. प्रकाश सर्वात कमी केला तरी स्क्रीन डोळ्यांवर येते का, बाजूच्या काचेत तिचं प्रतिबिंब आरशाच्या आड येतं का, ते पाहा. दिवसा पोलराइज्ड गॉगल घालून बघा. काही स्क्रीन त्यातून काळ्या दिसतात.

आणखी एक तपासणी, जी फार कमी लोक करतात. गाडी लॉक करून २० मिनिटं बाजूला व्हा. सिस्टिम झोपू द्या. मग येऊन लगेच रिव्हर्स टाका आणि मागचा कॅमेरा किती सेकंदांनी दिसतो ते मोजा. आधीच चालू असलेल्या गाडीत हा उशीर कधीच दिसत नाही.

गाडी घरी आली की पहिला अर्धा तास स्क्रीनला द्या. एसी ‘ऑटो’वर टाका आणि एक तापमान ठरवा, हात लावायची वेळच कमी येते. चार्जरला जोडलेली असतानाच निघण्याआधी १० मिनिटं गाडी थंड किंवा गरम करून घ्या, बॅटरीही वाचते. स्टिअरिंगवर स्वतः नेमता येणारं बटण असेल तर त्यावर गाण्यांपेक्षा काचेची वाफ किंवा नेहमी बंद करावा लागणारा इशारा ठेवा. होम स्क्रीनवर चारच शॉर्टकट पुरे, तेही चालकाकडच्या कडेला. स्क्रीनच्या चौकटीला अंगठा टेकवून बोट चालवलं की चुका बऱ्याच कमी होतात. आवाजी आदेशांपैकी तीन वाक्यं पाठ करा आणि मोबाइल डेटा बंद ठेवून ती चालतात का पाहा. काही गाड्यांची आवाजी मदत नेटवर्कशिवाय मुकी होते.

चार्जिंगचं वेळापत्रक, अँबियंट लाइट, सीटची मेमरी या गोष्टी स्क्रीनमध्ये असायला काहीच हरकत नाही. त्या उभ्या गाडीतच लावायच्या असतात.

स्क्रीन गोठली तर काय करायचं, ते पहिल्याच दिवशी मॅन्युअलमध्ये शोधा. टेस्लाच्या मॉडेल ३ मध्ये स्टिअरिंगवरची दोन्ही चाकं स्क्रीन काळी होईपर्यंत दाबून धरतात. इतर बऱ्याच गाड्यांत आवाजाचं किंवा पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवतात. पार्किंगमध्ये एकदा करून बघा आणि स्क्रीन बंद असताना वेग दिसतो का, एसी चालतो का, इंडिकेटरचा आवाज येतो का, याची नोंद करा. प्रत्येक सॉफ्टवेअर अपडेटनंतर वरची सहा कामं उभ्या गाडीत पुन्हा करा, कारण चौकोनांच्या जागा न विचारता बदललेल्या असतात.